पंतय पिलाताचं नाव दर रविवारी का घ्यायचं?

दृढीकरण म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्यानं आपला विश्वास स्वतःच्या तोंडानं पक्का करण्याचा विधी. त्याच्या वर्गातून लेक घरी आली ती एका पानाची झेरॉक्स घेऊन. पुढच्या महिन्यात बिशप येणार, तोवर हे तोंडपाठ हवं, असं पाळकसाहेबांनी बजावलं होतं. प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे आपण ख्रिस्ती लोक काय मानतो ते सांगणारं वचन. तिला तो येत नव्हता असं नाही. कळायला लागल्यापासून दर रविवारी उपासनेत सगळ्यांबरोबर उभी राहून ती तो म्हणत आली आहे. पण सगळ्यांबरोबर म्हणणं वेगळं आणि एकटीनं म्हणणं वेगळं. मंडळीत एखादा शब्द गिळला तरी शेजारचा आवाज आपल्याला पुढच्या ओळीवर नेऊन सोडतो.

जेवणं झाल्यावर ती ओट्याला टेकून म्हणू लागली. मी भांडी विसळत होते. "...कुमारी मरियेपासून जन्मला, पंतय पिलाताच्या वेळेस त्याने दुःख सोसले..." आणि थांबली. "आई, याचं नाव कशाला? मरियेचं घेतो ते ठीक आहे. पण पेत्राचं नाही, पौलाचं नाही, आणि ज्यानं येशूला मारायला दिलं त्याचं नाव दर रविवारी?"

मला उत्तर देता आलं नाही. हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता, याचं मला जास्त वाईट वाटलं. लहानपणी 'पंतय' ऐकून मला वाटायचं, हे कोणी पंत असावेत, पेशव्यांच्या दरबारातले. आजीला विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "सुभेदार होता गं तो, रोमच्या राजाचा." आजीला अक्षरओळख नव्हती. बायबलातलं जे तिला येत होतं ते सगळं ऐकून आलेलं. विश्वासांगीकारही तसाच आला, तिच्या आईच्या तोंडून.

लेकीच्या त्या प्रश्नामागे मी पुढचे काही आठवडे लागले. घरचं आवरून रात्री वाचत बसायचे.

पिलात इसवी सन २६ ते ३६ या काळात यहूदियाचा रोमन अधिकारी होता. १९६१ साली कैसरियाच्या जुन्या नाट्यगृहाच्या उत्खननात त्याचं नाव कोरलेला दगड सापडला. त्याचं नाव प्रार्थनेत राहिलं ते मात्र वेगळ्या कारणानं. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याला पकडून, साखळ्या घालून, शिपायांच्या पहाऱ्यात रोमला नेत होते. तिथे त्याला हिंस्र श्वापदांपुढे टाकणार होते. त्या प्रवासात त्यानं मंडळ्यांना पत्रं लिहिली. त्या काळी काही जण शिकवत होते की देव दुःख कसं भोगेल, ख्रिस्ताचा देह हा नुसता भास होता. त्रालेसच्या मंडळीला लिहिताना इग्नेशियस पुन्हा पुन्हा एकच शब्द घालतो: खरोखर. तो खरोखर जन्मला, त्यानं खाल्लं-प्यायलं, पंतय पिलाताच्या वेळेस त्याचा खरोखर छळ झाला, तो खरोखर वधस्तंभावर गेला, खरोखर मेला. आणि मग विचारतो, त्याचं दुःख जर भास असेल, तर मी या साखळ्यांत कशासाठी आहे?

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ तशीच बसले. पिलाताचं नाव हा त्या 'खरोखर'चा पुरावा आहे. आपल्याकडे आजी-आजोबा जन्मतारीख सांगताना म्हणत ना, 'प्लेगच्या साली', 'मोठ्या दुष्काळात', तसं. अमक्या सुभेदाराच्या अमदानीत, या मातीवर हे घडलं. कोण्या एके काळी घडलेली ही गोष्ट नव्हे, एवढं सांगायला ते नाव तिथे उभं आहे.

दुसऱ्या दिवशी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे कुणीतरी आधी 'खोटं आहे' म्हटलं, म्हणून ही ओळ आली?" तेव्हापासून मी प्रत्येक ओळीकडे तशीच पाहू लागले. ही कुणाला दिलेलं उत्तर आहे?

सगळ्यात जुनं उत्तर फार छोटं आहे. येशू हा प्रभू आहे. ग्रीकमध्ये दोनच शब्द, क्युरिओस येसूस. पौलानं रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तो तोंडानं कबूल करायचा शब्द म्हणून येतो. करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात त्याहून लांब वाक्य आहे: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला, म्हणजे पेत्राला, दिसला. हे पत्र साधारण ५५ सालच्या आसपासचं. पण पौल तिथे स्पष्ट म्हणतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हाला सोपवलं. म्हणजे हे शब्द पत्राहून जुने. शाईत उतरण्याआधी ते तोंडातोंडी फिरत होते.

दोनच शब्द, पण धोक्याचे. प्रभू ही पदवी कैसराची, म्हणजे रोमन सम्राटाचीही होती. स्मर्ण्याचा म्हातारा बिशप पॉलिकार्प याला पकडून नेताना अधिकारी त्याला समजावत होते, 'कैसर प्रभू आहे' एवढं म्हणायला काय हरकत आहे? त्यानं म्हटलं नाही आणि त्याला जाळलं. त्याच्याही आधी, ११२च्या सुमारास, बिथिनिया प्रांताचा रोमन राज्यपाल प्लिनी यानं सम्राट त्राजानला पत्र लिहून विचारलं की या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय. त्यात तो आपली पद्धत सांगतो. समोर आणलेल्याला विचारायचं, तू ख्रिस्ती आहेस का? 'हो' म्हटलं की शिक्षेची धमकी देऊन दुसऱ्यांदा विचारायचं, मग तिसऱ्यांदा. तरीही 'हो' म्हटलं तर मृत्युदंड.

तीन वेळा. हा आकडा मला पुढे पुन्हा भेटला. तिसऱ्या शतकातल्या रोमचा म्हणून ओळखला जाणारा एक जुना नियमग्रंथ आहे, त्यात बाप्तिस्मा कसा द्यावा ते बारकाव्यानं लिहिलं आहे. कोंबडं आरवायच्या वेळी पाण्यावर प्रार्थना करायची. आधी मुलांचा, मग पुरुषांचा, शेवटी बायकांचा बाप्तिस्मा. बायकांनी केस मोकळे सोडायचे, दागिने उतरवून ठेवायचे. आणि पाण्यात उभं असताना तीन प्रश्न. सर्वसमर्थ देव जो पिता त्याच्यावर तू विश्वास ठेवतोस का? उत्तर यायचं, 'विश्वास ठेवतो'. की पाण्यात एकदा. मग पुत्राबद्दल लांब प्रश्न, त्यात मरिया आहे, पंतय पिलात आहे, तिसरा दिवस आहे. पुन्हा तेच उत्तर, पुन्हा पाण्यात. मग पवित्र आत्मा आणि पवित्र मंडळी. तिसऱ्यांदा उत्तर, तिसऱ्यांदा पाणी.

आज आपण जे सलग म्हणतो ते मुळात असं तुटक होतं, सवाल-जवाबासारखं. पुढे प्रश्न गळून पडले आणि उत्तरं एकत्र बांधली गेली. एकीकडे राज्यपाल तीनदा विचारतो तेव्हा शेवटी मरण असतं. दुसरीकडे मंडळी तीनदा विचारते आणि माणूस दरवेळी पाण्यातून वर येतो. पाण्यातल्या त्या तीन उत्तरांचा सराव ज्याला झाला असेल, त्याला प्लिनीसारख्यापुढे उभं राहायचं बळ तिथूनच येत असणार, असं मला वाटतं.

लॅटिनमध्ये उत्तराचा शब्द होता क्रेदो. त्या शब्दावर मी अडखळले ते वेगळ्याच कारणानं. भाषेचे अभ्यासक सांगतात की हा क्रेदो आणि आपली श्रद्धा एकाच मुळातून आलेल्या सख्ख्या बहिणी. त्या मुळाचे दोन तुकडे, आणि त्यातला दुसरा 'ठेवणे' या अर्थाचा. पहिल्याचा अर्थ हृदय, असं बहुतेक जण मानतात. हृदय ठेवणे. आणि आम्ही मराठीत विश्वास कसा सांगतो? विश्वास 'ठेवतो'. आजी कुलपाची किल्ली ज्याच्याकडे ठेवायची त्याच्याबद्दलही हेच क्रियापद वापरायची.

ग्रीक लोक या विश्वासवचनाला सिम्बोलोन म्हणत. इटलीतल्या अक्विलेयाचा धर्मलेखक रुफिनस ४०४च्या सुमारास त्याचा अर्थ सांगताना सैन्याचं उदाहरण देतो. यादवी युद्धात दोन्ही बाजूंची शस्त्रं सारखी, भाषा एकच. मग आपला कोण हे ओळखायला परवलीचा शब्द लागतो. तो शब्द कागदावर लिहायचा नाही, काळजात धरायचा. हाच रुफिनस ती कथाही सांगतो की बारा प्रेषितांनी जगभर पांगण्याआधी एकत्र बसून हा विश्वासांगीकार रचला. पुढच्या लोकांनी तर कुठली ओळ कुणाची तेही वाटून टाकलं. मला ही कथा लहानपणी फार आवडायची, पण ती खरी नाही. १४३८ साली इटलीत पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या मंडळ्यांची एकीसाठी परिषद भरली, तेव्हा इफिसचा बिशप मार्क सरळ म्हणाला की प्रेषितांचा म्हणून जो सांगता तो विश्वासांगीकार आमच्याकडे नाही, आम्ही तो पाहिलेलाही नाही. तो रोमच्या जुन्या बाप्तिस्म्याच्या वचनातून हळूहळू वाढला, आणि आज म्हणतो तसा पूर्ण मजकूर आठव्या शतकाच्या सुरुवातीला दिसतो. कथा गेली त्याचं मला दुःख नाही. बारा जणांनी एका बैठकीत लिहिण्यापेक्षा शेकडो वर्षं हजारो माणसांनी पाण्यात उभं राहून म्हणत म्हणत ते घडवावं, हे मला जास्त मोठं वाटतं.

न लिहिण्याची शिस्त सगळीकडे होती. चौथ्या शतकात यरुशलेमचा बिशप सिरिल बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांना बजावतो, हे कागदावर उतरवू नका, मनावर कोरा. त्याच शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची एक बाई पार पश्चिमेकडून यात्रा करत यरुशलेमला पोचली आणि तिथे पाहिलेलं आपल्या मैत्रिणींना लिहून कळवलं. ती सांगते, उपासाच्या दिवसांत बिशप रोज तीन तास शिकवायचे. पाचव्या आठवड्याच्या शेवटी विश्वासवचन ऐकवायचे. आणि ईस्टरच्या आधी एकेक जण पुढे येऊन ते बिशपांना परत म्हणून दाखवायचा. पुरुष असेल तर सोबत बाप, बाई असेल तर सोबत आई. सख्खी किंवा धर्ममाता. सोळाशे वर्षांपूर्वीच्या त्या रांगेत मला माझी लेक दिसली, आणि तिच्या मागे अर्ध्या पावलावर मी.

रोममध्ये उंच जागेवर उभं राहून सगळ्यांसमोर म्हणायची रीत होती. मारियस व्हिक्टोरिनस हा मोठा वक्ता आणि पंडित. रोमच्या चौकात त्याचा पुतळा होता. म्हातारपणी तो ख्रिस्ती झाला. लाजऱ्या माणसांना एकांतात म्हणू देत, तशी सवलत त्यालाही देऊ केली गेली. त्यानं नको म्हटलं. मी वक्तृत्व शिकवत होतो त्यात तारण नव्हतं, तरी ते चारचौघांत शिकवलं, मग हेच लपून का म्हणू, असा त्याचा विचार. ऑगस्टिननं आपल्या आत्मकथनात हे लिहून ठेवलं आहे. तो वर चढला तेव्हा लोकांमध्ये एकच कुजबुज उठली, व्हिक्टोरिनस, व्हिक्टोरिनस, आणि मग त्याचं म्हणणं ऐकायला सगळे एकदम गप्प झाले. ज्याचं पोट बोलण्यावर चालत होतं, त्या माणसाच्या तोंडी दुसऱ्यांनी दिलेले, लहान मुलांना आणि निरक्षर बायांनाही पाठ असणारे शब्द.

आपल्या किनाऱ्यावरही हे शब्द प्रश्नोत्तरांच्याच रूपात आले. गोव्यात १५७९ साली उतरलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी मुलांना शिकवण्यासाठी कोकणीत ख्रिस्ती शिकवणीचं पुस्तक केलं. ते संवादाच्या घाटाचं आहे, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली रायतूरला छापलं गेलं.

आता नायसियाचा विश्वासांगीकार, मंडळीचं दुसरं मोठं विश्वासवचन. तिथे मी जास्त दिवस अडकले, कारण तिथे मला आनंद आणि अस्वस्थता दोन्ही झाली.

आलेक्सांद्रियातला एरियस नावाचा पाळक शिकवत होता की पुत्र हा थोर आहे, सगळ्या सृष्टीच्या आधीचा आहे, पण तो निर्माण केलेला आहे. तो नव्हता असा एक क्षण होता. त्यानं आपलं म्हणणं पद्यातही मांडलं, आणि जात्यावर दळणाऱ्यांसाठी, खलाशांसाठी त्यानं गाणी रचली असं एक जुना इतिहासकार सांगतो. त्याचा बिशप अलेक्झांडर म्हणाला, हे मान्य नाही. भांडण पेटलं. सम्राट कॉन्स्टंटाईनला साम्राज्य एकत्र हवं होतं. त्यानं ३२५ साली बिशपांना नायसियात बोलावलं. आज ते तुर्कस्तानातलं इझनिक, तळ्याकाठचं गाव. आणि मजा पाहा, नायसिया बिथिनियातच आहे. ज्या प्रांतात प्लिनी तीनदा विचारून ख्रिस्ती माणसांना मारत होता, तिथेच दोनशे वर्षांनी सम्राट जांभळ्या वस्त्रांत आत आला आणि बिशपांनी खूण करेपर्यंत खाली बसला नाही.

परंपरा ३१८ बिशप सांगते. तो आकडा बायबलातल्या अब्राहामाच्या ३१८ माणसांवरून आला. हजर असलेला कैसरियाचा बिशप आणि इतिहासकार युसेबियस अडीचशेहून जास्त म्हणतो. त्यांतल्या काहींच्या अंगावर छळाच्या खुणा होत्या. ३०३ साली सुरू झालेला मोठा छळ त्यांनी सोसला होता. नव-कैसरियाच्या पौलाचे हात तापल्या लोखंडानं निकामी केले होते असं जुना इतिहासकार थिओडोरेट लिहितो. पुढे सम्राटाच्या मेजवानीला जाताना हेच लोक नागव्या तलवारी घेतलेल्या पहाऱ्यामधून आत गेले, आणि या वेळी तलवारी त्यांच्यासाठी नव्हत्या. युसेबियसला ते ख्रिस्ताच्या राज्याचं चित्र वाटलं. त्याचा आनंद मी समजू शकते. पण मला त्या तलवारींचीच भीती वाटते.

परिषदेनं एक शब्द निवडला, होमोऊसियोस. पुत्र पित्याच्याच सत्त्वाचा. हा शब्द बायबलात नाही, आणि त्यावरून खूप जण बिचकले. खुद्द युसेबियसनं आपल्या मंडळीला पत्र लिहून हा शब्द आपण का स्वीकारला याचा खुलासा केला. शेवटी दोन बिशपांनी सही केली नाही, थिओनस आणि सेकुंदस. त्यांना एरियसबरोबर हद्दपार केलं. आणि त्या मजकुराच्या शेवटी शाप जोडले होते: जे असं असं म्हणतात त्यांना मंडळी धिक्कारते.

पाण्यात उभं राहून दिलेलं उत्तर इथे सही करायचा कागद झालं. सही नाही तर हद्दपारी. हे मला टोचतं आणि टोचत राहील. तरीही तो शब्द चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. प्रश्न किती मोठा होता! वधस्तंभावर जो मेला तो देवानं पाठवलेला कुणी बडा सेवक होता, की देव स्वतः? सेवक असेल तर देव दूरच राहिला, त्यानं दुसऱ्याला पाठवलं. 'पित्याच्याच सत्त्वाचा' म्हणजे देव स्वतः आला. दुःखात असलेल्या माणसाला या दोन्हींतला फरक कुणी समजावून द्यावा लागत नाही. म्हणून तर पुढे वर्षानुवर्षं एका छोट्या अक्षरावरून रान पेटलं: होमोऊसियोस की होमोइऊसियोस, पित्याच्याच सत्त्वाचा की पित्यासारख्या सत्त्वाचा. मराठीत तर 'च' आणि 'सारखा' एवढाच तो वाद. कॉन्स्टंटिनोपलमध्ये सुटे पैसे मागावेत तर समोरचा 'जनित की अजनित' यावर बोलू लागतो, पावाचा भाव विचारावा तर पिता मोठा आणि पुत्र धाकटा असं ऐकू येतं, स्नानगृह तयार आहे का विचारावं तर उत्तर येतं, पुत्र शून्यातून झाला. ही तक्रार निस्साचा बिशप ग्रेगरी याची. तो वैतागून बोलतोय, पण मला त्या पाववाल्याबद्दल आपुलकीच वाटते.

नायसियानं वाद संपला नाही. होमोऊसियोससाठी झगडणारा आलेक्सांद्रियाचा बिशप अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला. कॉन्स्टंटाईननं मरणाआधी ३३७ साली बाप्तिस्मा घेतला तो एरियसच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या निकोमिदियाच्या युसेबियसकडून (हा दुसरा युसेबियस). शेवटी ३८१ साली कॉन्स्टंटिनोपलच्या परिषदेशी जोडलेला मजकूर रुजला, तोच आज नायसियाचा म्हणून म्हणतात. त्यात पवित्र आत्म्यावरच्या ओळी वाढल्या, आणि शाप गळाले. शाप गळाले हे वाचून मला सुटल्यासारखं झालं. पुढे पवित्र आत्मा पित्यापासून निघतो या ओळीत पश्चिमेनं 'आणि पुत्रापासून' एवढे शब्द घातले आणि पूर्व-पश्चिम दुरावली, ते एक वेगळंच दुखणं. २०२५ साली नायसियाला १७०० वर्षं झाली तेव्हा पोप लिओ चौदावे आणि पूर्वेकडच्या मंडळीचे पेट्रिआर्क बार्थोलोम्यू यांनी इझनिकच्या तळ्याकाठी, जुन्या बुडालेल्या चर्चच्या अवशेषांजवळ एकत्र प्रार्थना केली. तो फोटो मी लेकीला दाखवला.

पण माझी स्वतःची ओळ नायसियात नाहीच. ती प्रेषितांच्या विश्वासांगीकारात आहे: तो अधोलोकात, म्हणजे मेलेल्यांच्या जगात, उतरला. रुफिनस स्वतःच सांगतो की रोमच्या वचनात ही ओळ नाही, पूर्वेकडेही नाही, त्याच्या अक्विलेयात मात्र म्हणतात. सगळ्यांत उशिरा आत आलेल्या ओळींपैकी ही एक. आजही काही मंडळ्या ती गाळतात.

माझे वडील पहाटे गेले, अतिदक्षता विभागात, आम्ही बाहेर बाकावर बसलेलो असताना. त्यांच्याजवळ आमच्यापैकी कुणी नव्हतं. त्यानंतर कितीतरी रविवार मी विश्वासांगीकार म्हणताना गप्प उभी राहायचे. ओठ हलवायचे फक्त. पुढे एकदा इस्तंबूलच्या जुन्या खोरा चर्चमधल्या भित्तिचित्राचा फोटो पाहिला, चौदाव्या शतकातलं चित्र. खाली फुटलेले दरवाजे, विखुरलेल्या किल्ल्या आणि कड्या. मध्ये पांढऱ्या वस्त्रांतला ख्रिस्त, आणि त्यानं आदाम आणि हव्वेला थडग्यांतून ओढून काढलं आहे. त्यानं त्यांचे तळहात धरलेले नाहीत, मनगटं धरली आहेत. ज्याच्या हातात धरण्याचं बळ उरलं नाही त्याला असंच ओढावं लागतं. जिथे आम्हाला जाऊ दिलं नाही तिथे तो गेला. त्यानंतरच्या रविवारपासून ही ओळ मी मोठ्यानं म्हणते. ती कितव्या शतकात आली याचा मला काही फरक पडत नाही.

दृढीकरणाच्या आदल्या रात्री लेक पुन्हा ओट्याशी आली. सगळं पाठ झालं होतं. मी म्हटलं, एकदा सुरुवातीपासून म्हण. ती झेरॉक्सकडे पाहत म्हणाली, "आई, यात 'मी विश्वास ठेवतो' छापलंय. मी 'ठेवतो' म्हणू की 'ठेवते'?"

मला नायसियाचा मजकूर आठवला. तिथे सगळे मिळून म्हणाले होते, आम्ही विश्वास ठेवतो. 'आम्ही' म्हटलं की मराठीत बाई-पुरुष सगळे त्यात मावतात. लॅटिन क्रेदोला आणि ग्रीक शब्दालाही बोलणारा कोण ते सांगावं लागत नाही. आमच्या भाषेत मात्र 'मी' म्हटलं की क्रियापद लगेच विचारतं, कोण तू?

मग आजी आठवली. देवळात माझ्याशेजारी उभी, डोक्यावरचा पदर सावरत. तिनं तो छापील कागद कधी वाचला नव्हता. शेवटपर्यंत ती 'विश्वास ठेवते' असंच म्हणत होती.

"ठेवते म्हण," मी म्हटलं. "पणजीही तेच म्हणायची."

तिनं कागद घडी करून ओट्यावर ठेवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.